विचारून घ्यायच्या भाज्या

आमची जमीन म्हणजे डोंगराच्या अंगाला चिकटलेला एक तुकडा. खाली थोडा भात, वर नागली. पाऊस नीट झाला तर होळीपर्यंत खायला पुरायचं, नाही झाला तर त्याआधीच कणगी रिकामी वाजायची. दिवाळी झाली की पाड्यातली निम्मी घरं दाराला काटक्या लावून वीटभट्टीवर जायची. आम्हीही दोन वर्षं गेलो. दुसऱ्या वर्षी माझा धाकटा भाऊ भट्टीवरच तापाने गेला. त्याला तिथेच पुरला. परत आल्यावर आईने टोपली खाली ठेवली आणि बाबांना म्हणाली, "तुमाला जायचं तर जा. मी आता डोंगर सोडणार नाय. मरायचं तर हितं मरू." ती हे रडत बोलली नाही. चुलीत लाकूड सारताना बोलावं तसं बोलली.

म्हणून बाबा बोईसरला लागले. ठेकेदाराच्या हाताखाली, रंगाच्या कारखान्यात पिंपं धुवायचं काम. त्यांची नखं कधी पिवळी असायची, कधी निळी, आणि त्यावरून आम्हाला कळायचं की या आठवड्यात कंपनीत काय बनतंय. कितीही घासली तरी वास जायचा नाही. जेवायला बसले की आई त्यांचा भात आपल्या हाताने कालवून द्यायची, म्हणजे त्यांना त्या बोटांनी कालवायला नको. लहानपणी मला वाटायचं, सगळ्याच बायका नवऱ्याचा भात कालवून देतात. वारा पश्चिमेकडून असला की कारखान्याचा भोंगा आमच्या कुडाच्या घरापर्यंत ऐकू यायचा. आई तेवढ्यावर वेळ धरायची. आमच्याकडे घड्याळ नव्हतं, आणि त्याचं आम्हाला काही वाटतही नव्हतं.

पावसाळ्यात भात लावून झाला की घरात पेजेपुरत्या नागलीपलीकडे दाणा नसायचा. ते दोन-अडीच महिने आम्हाला डोंगराने जगवलं, आणि डोंगर आईला माहीत होता. सकाळी नागलीची पेज घ्यायची, पाठीला टोपली लावायची आणि निघायचं. मी तिच्या मागे. ती चालताना बोलायची नाही, पण थांबली की सांगायची. तिचे चार गट होते. वेचायच्या, खुडायच्या, खणायच्या आणि विचारून घ्यायच्या. उन्हाळ्यात मोहाची फुलं वेचायची, कारण झाड ती स्वतःच टाकतं. हात लावून तोडायची नाहीत. टाकळा, कुर्डू, भारंगी खुडायची. वरचा शेंडा घ्यायचा, चार दिवसांनी पुन्हा फुटतो. करांदे, कडूकंद खणायचे, पण कंदाचं डोकं परत मातीत पुरायचं. आणि चौथा गट विचारून घ्यायचा. त्यांच्यापुढे ती वाकायची, ओठांत काहीतरी पुटपुटायची आणि मगच हात घालायची. काय पुटपुटते असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "तुझं नाव सांगते. पोर हाय घरात, मनते. लय नाय घेत, मनते."

घरात लागेल ते ठेवून उरलेलं ती बोईसरच्या बाजारात नेऊन बसायची. गिऱ्हाईक बहुतेक कॉलनीतलं, तारापूरला अणुवीज प्रकल्पात नोकरी करणाऱ्यांच्या बायका. साताऱ्याकडच्या, जळगावकडच्या. त्यांना आमची भाजी ओळखीची नव्हती. शेवळाचे ते जांभळट कोंब बघून एक बाई म्हणाली, "अगंबाई, हे काय? साप उभा राहिल्यासारखा दिसतोय."

"शेवळं हायत. मटणावानी लागतात. पन ही काकडं बी न्यायला लागतात," असं म्हणत आईने आवळ्याएवढी हिरवी फळं तिच्यापुढे केली.

"काकडं नकोत मला. नुसती शेवळंच दे."

"नुसती नाय देत."

"का गं? जबरदस्ती आहे?"

"नुसती खाशील तर घसा धरशील, आन मग मनशील वारलीनीनं विष दिलं. दोन्ही नेतंस तर ने."

बाईने दोन्ही नेली. पुढच्या आठवड्यात परत आली आणि हसत म्हणाली, "ए, साप आहे का आज?" आईसुद्धा हसली. शेवळ म्हणजे जमिनीतून येणारा कोंब आणि काकड म्हणजे मोठं झाड, पण आईच्या हिशेबी ती दोघं एका घरातली, कारण एकाशिवाय दुसरं खाता येत नाही.

या सगळ्यांत वरची म्हणजे कोवळी. गवतासारखी लांब, मऊ, हिरवीगार पानं. दुरून बघाल तर गवतच म्हणाल. जमीन भिजली की सगळ्यांत आधी ती वर येते. आमच्यात पहिली कोवळी गावदेवापुढे ठेवून, शिजवून घराघरात वाटल्याशिवाय पावसाळ्यातली कुठलीच रानभाजी कुणी तोंडात घालत नाही. टाकळा दारात गुडघाभर वाढलेला असला तरी नाही. आणि देवापुढे चार पानं चालत नाहीत, प्रत्येक घराच्या नावाची एक मूठ लागते. एवढी कोवळी एका जागी आमच्या डोंगरावर एकाच ठिकाणी होती. मागच्या अंगाला, दोन मोठ्या धोंड्यांच्या मध्ये, एक ओला उतार. तो माझ्या आजीच्या सासूला माहीत होता, मग आजीला, मग आईला. पाड्याची पहिली कोवळी आईच्या टोपलीतून यायची. त्या एका दिवशी सुकऱ्या भगत तिला नावाने हाक मारून पुढे बोलवायचा, "रखमी, आन." बाकी वर्षभर आमच्या घराला कुणी कशासाठी बोलवत नव्हतं. आमची जमीन कमी, बाबा बाहेर, आणि भाऊ परक्या जागी पुरलेला.

मला तिने तो उतार दाखवला तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची असेन. खुडताना टुक टुक असा बारीक आवाज यायचा, बाकी काही नाही. बाहेरची पानं घ्यायची, मधला कोंब ठेवायचा. खाली बोटाएवढे पांढरे कंद असतात, त्यांना हात लावायचा नाही. शेवटी ती म्हणाली, "जागा कुनाला दावायची नाय. नवऱ्याला बी नाय. तुझ्या पोरीला दाव." एवढं एकच तिने माझ्याकडून मागितलं. मला शाळेत घातलं, पुढे पालघरला कॉलेजात पाठवलं, त्यातल्या कशाच्या बदल्यात तिने काही मागितलं नाही.

कॉलेजात मी वनस्पतीशास्त्र घेतलं ते मला त्यातलं येतं असं वाटलं म्हणून. लपवून काय करायचं, मला गर्व होता. गणितात मी कच्ची, इंग्रजीत त्याहून कच्ची, पण झाडांत मला कोण हरवणार? रोज पहाटे वाणगाव स्टेशनपर्यंत चालत, तिथून पालघर. बर्वे सर शिकवायचे. पांढरा शर्ट, खिशाला भिंग. माणूस वाईट नव्हता, हे मला आजही लिहावंसं वाटतं. पहिल्याच सत्रात त्यांनी सांगितलं, आपल्या आसपासच्या पंधरा वनस्पती आणा आणि त्यांचे गट पाडून दाखवा. मी पंधराच्या जागी बावीस नेल्या. टेबलावर चार ढीग केले आणि वर चिठ्ठ्या ठेवल्या. वेचायच्या, खुडायच्या, खणायच्या, विचारून घ्यायच्या. सर माझ्या टेबलापाशी बराच वेळ उभे राहिले. शेवळ आणि काकड शेजारी बघून त्यांनी विचारलं, "ही दोन एकत्र का?"

"सर, ती एकत्र शिजतात."

"यमुना," ते शांतपणे म्हणाले, "हे वर्गीकरण नाही. हा स्वयंपाक आहे."

वर्ग हसला. सरांनी हसवायला म्हटलं नव्हतं, पण वर्ग हसला. माझी मैत्रीण मनीषा, जिचे वडील तारापूरच्या प्रकल्पात होते, तीही हसली आणि मग माझ्याकडे बघून गप्प झाली. त्या दिवसापासून पुढचे कित्येक महिने मला मागून हाक यायची, "यमे, आज काय शिजवलंस?" सरांनी मात्र मला थांबवून घेतलं, स्वतःचं जुनं पुस्तक दिलं आणि समजावलं. झाड आपल्या काय उपयोगाचं हे बाजूला ठेव. ते स्वतः कसं आहे ते बघ. बी फोड, एक दल की दोन? पानाच्या शिरा समांतर की जाळीच्या? फुलाच्या पाकळ्या तीनच्या पटीत की पाचच्या? मग कूळ, मग प्रजाती, मग जाती. "कूळ कळलं की झाड कळलं," असं ते म्हणाले.

मला ते आवडलं हेही खरं. एखाद्या घराचं मागचं दार सापडावं तसं वाटलं. मी घरी जाऊन आईला म्हटलं, "आये, भात आन बांबू एकाच कुळातले हायत."

आई सूप पाखडत होती. "मंजे?"

"मंजे सगेसोयरे. एका घरातले."

"बरं," ती म्हणाली. "मग तुझ्या बाबासाठी उद्या भाताची टोपली विणते."

बाबा भिंतीला टेकून बसले होते, तेही हसले. मग आई हळूच म्हणाली, "पन बांबूला बी लोंबी येते खरी. म्हातारा झाला की येते." तिने ते बघितलं होतं. पुस्तकात ते होतं आणि आईकडेही होतं, आणि मला त्या वेळी फक्त पुस्तकातलं दिसलं. माझी फाइल तयार व्हायला लागली तेव्हा तिला मोठी गंमत वाटायची. मी झाडं वर्तमानपत्राच्या घडीत ठेवायची आणि वर जातं ठेवायची. "भाजीला कागदात निजवतंय," ती शेजारणीला सांगायची, "आमची पोर भाजीला अंगाई मनते." हे ती कौतुकाने सांगायची.

शेवटच्या वर्षी श्रावणात सरांनी वर्गात विचारलं की लिलिएसी कुळातली एखादी रानातली वनस्पती कुठे भरपूर मिळेल? कॉलेजातला जुना नमुना कसरीने खाल्ला होता, आणि प्रत्येकाच्या फाइलीत त्या कुळाचा एक नमुना लागणार होता, फुलासकट आणि मुळासकट. मूळ नसेल तर गुण नाहीत. त्यांनी फळ्यावर चित्र काढलं. लांब पानं, पांढरं सहा पाकळ्यांचं फूल, खाली कंदांचा जुडगा. मी बघत राहिले. ती कोवळी होती.

वर्गात कुणालाच माहीत नव्हतं. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "यमीला विचारा सर, तिच्याकडे शिजत असेल."

मी हात वर केला.

मनीषाने खालून माझा ओढणीचा काठ ओढला. "अगं, तू तर म्हणालेलीस की आई ती जागा कुणाला सांगत नाही."

"एकदाच जायचंय," मी म्हटलं.

मला कळलं नाही, मी लहान होते, असं लिहून मी कुणाला फसवणार नाही. मी वीस वर्षांची होते आणि मला कळत होतं. मला फक्त त्या वर्गाने एकदा माझ्या मागून चालायला हवं होतं.

गुरुवारी गेलो. गुरुवार मीच सुचवला, कारण त्या दिवशी आई बाजारात असायची. पस्तीस-चाळीस जण वाणगावला उतरलो आणि चालत निघालो. बंधाऱ्यापाशी सरांचा बूट चिखलात रुतला, तो मी काढून दिला. पाड्याला वळसा घालून मी त्यांना मागच्या अंगाने वर नेलं, म्हणजे कुणी बघू नये. धोंड्यांच्या मधून आत शिरलो तेव्हा सगळा उतार पांढरा झाला होता. कोवळी फुलली की अशीच दिसते. मुली ओरडल्या, "अय्या, केवढी!" सर खरंच खूश झाले. "आज यमुना आपली गुरू," ते म्हणाले, आणि त्या दिवशी कुणी हसलं नाही.

मग खुरप्या निघाल्या. काहींकडे छिन्न्या होत्या, एकाकडे वडिलांचा मोठा स्क्रू-ड्रायव्हर. मला टुक टुक माहीत होतं, हा आवाज निराळा. दगडावर लोखंड घासल्याचा, मुळं तुटल्याचा. प्रत्येकाने दोन-दोन घेतली, एक मोडलं तर दुसरं असावं म्हणून. काहींनी तीन. कंद तुटला की ते रोप टाकायचे आणि नवं काढायचे. एका मुलाने कंद पुसून चावून बघितला आणि म्हणाला, "कच्च्या शेंगदाण्यासारखं लागतंय रे," मग सगळ्यांनी चावून बघितले. मीही सांगत होते, हे नको, याची मुळं बारीक आहेत, ते घे. मी सांगत होते! अर्ध्या तासाने मी मागे वळून बघितलं, तर उतारावर काळी भोकं. मी तोंड उघडलं, "थोडी राहू द्या" असं म्हणायला. सर शेजारीच धोंड्यावर कागद ठेवून नमुन्याचं लेबल कसं भरायचं ते दाखवत होते. स्थळ. अधिवास: ओलसर उतार. उपलब्धता. त्यांनी आजूबाजूला पडलेल्या रोपांच्या ढिगाकडे बघितलं आणि लिहिलं, विपुल. मी तोंड मिटलं आणि माझ्या लेबलवरही तेच लिहिलं.

संध्याकाळी आई आली. तिने टोपली टेकवली आणि माझ्या हातांकडे बघितलं. नखांत ती काळी माती होती. त्या उताराची माती आमच्या डोंगरावर दुसरीकडे नाही. जात्याखालच्या कागदातून पांढऱ्या मुळांचं टोक बाहेर आलं होतं. तिने कागद उघडला नाही.

"किती जन होते?"

"वर्ग होता."

"खाली काय ठेवलंत?"

मी पायाने कागदाचं टोक जात्याखाली सारायला लागले.

"यमे, खाली काय ठेवलंत?"

"सरांना मुळासकट पायजे होतं, आये."

ती मागच्या दाराशी जाऊन बसली. मला वाटलं मारेल, मला मारलेलं चाललं असतं. बाबांनी विचारलं काय झालं, तर म्हणाली काय नाय. त्या दिवशी तिने भात कालवला नाही. बाबांनी आपल्या निळ्या बोटांनी कालवून खाल्ला.

मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षा झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझी फाइल उघडली आणि कोवळीच्या पानावर थांबले. म्हणाले, असा नमुना बऱ्याच वर्षांत बघितला नाही. सरांनी तो कॉलेजच्या संग्रहासाठी माझ्याकडून मागून घेतला. कसर लागू नये म्हणून नमुन्याला रसकापुराचं पाणी लावतात, जहर असतं ते. ते मी स्वतः ब्रशने लावलं, पान न पान, मूळ न मूळ, फार जपून.

पुढच्या पावसाळ्यात जमीन भिजली तशी आई उतारावर गेली. रिकामी आली. म्हणाली, अजून वेळ हाय. चार दिवसांनी परत गेली. तिसऱ्यांदा गेली ती दिवसभर. परतली तेव्हा टोपलीच्या तळाशी सात-आठ पानं होती. इकडे दारोदार टाकळा वाढला होता, कुर्डू वाढलं होतं, आणि पाड्यातली पोरं मीठ-पेजेवर होती, कारण कोवळी देवाला दाखवलेली नव्हती. हिरव्यागार डोंगरावर सगळा पाडा उपाशी बसला होता, आणि तो कुणामुळे ते दोन दिवसांत सगळ्यांना कळलं. गुराख्यांनी भोकं बघितली होती.

त्याच आठवड्यात माझा निकाल लागला. पहिला वर्ग. मी स्टेशनावरून चालत येत होते, हातात गुणपत्रिका, आणि देवाच्या झाडाखाली माणसं जमली होती. आई मध्ये उभी. सुकऱ्या भगत जमिनीकडे बघत होता. सोमीकाकी, आमच्याच भावकीतली, मोठ्याने म्हणाली, "तुझ्या पोरीच्या फायलीत हाय ना कोवळी? तिथनं आन! कागदातली वाढ आमाला!" दोघी-तिघी हसल्या. भगत म्हणाला, "गप ऱ्हा, सोमे." पण त्याने आईला नावाने हाक मारली नाही.

घरी आल्यावर आईने मला बसवलं. तिने ते थट्टेत घेतलं नव्हतं. रस्ताभर तिने त्याचाच विचार केला असणार.

"तुझ्या त्या कालेजात हाय ना ती? सुकली तर सुकली. सुकी बी चालंल. मी भगताशी बोलते. देवाला नुसती दावायची, मग उकडायची. घेऊन येशील?"

"आये, ती नाय चालणार."

"का? सर देनार नाय? मी येते. मी पाया पडते त्यांच्या."

"तसं नाय. तिला विष लावलंय. किडा लागू नये मनून."

आईने माझ्याकडे बघितलं. इतकी वर्षं झाली, पण तिचा तो चेहरा मला लिहिता येत नाही.

"भाजीला?" ती म्हणाली.

एवढंच. दुसऱ्या दिवशी ती डोंगरापलीकडच्या पाड्यावर गेली, आणि परक्या लोकांच्या दारात उभी राहून घराघराच्या नावाने मुठी मागून आणल्या. देवाला कोवळी दिसली, पोरांना भाजी मिळाली. पण पुढच्या वर्षापासून त्या पाड्याशी नातं असलेली दुसरी बाई कोवळी आणायला लागली आणि भगत तिला हाक मारायला लागला. आईने कुणाशी भांडण केलं नाही. तिने रान सोडलं. जिने माझा भाऊ गेल्यावरही डोंगर सोडला नव्हता, तिने माझ्यामुळे सोडला. कॉलनीतल्या बागेत तिला रोजंदारीचं काम मिळालं, गवत काढायचं. एकदा मी तिला घ्यायला गेले होते. मुकादम छत्री घेऊन मागे उभा होता. "अरे अम्मा, ऊपर ऊपर से क्या तोडती है? जड से निकालो, जड से!" आई वाकून उपटत होती, मुळासकट. टाकळा, कुर्डू, सगळं. बाजूला ढीग साचला होता. मी म्हटलं, आये, यातलं थोडं घरी नेऊ. म्हणाली, "त्याला औषध मारलंय."

त्यानंतर ती मला कधी डोंगरावर घेऊन गेली नाही, आणि मीही तिला कसलंही नाव विचारलं नाही. मी शिक्षिका झाले, बोईसरला घर केलं. आई शेवटची काही वर्षं माझ्याकडेच होती. गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालायची. कुठलं झाड काय आहे हे तिने एकदाही विचारलं नाही. तिला माझा राग नव्हता. राग असता तर तो निघाला असता. ती माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तसं बोलायची, जपून आणि थोडं.

आता फोन झाडासमोर धरला की नाव सांगतो. माझी नात धरते आणि मला सांगते, आजी, हे अमुक कूळ. मध्यंतरी तिच्या पुस्तकात बघितलं तर कोवळी आता लिलिएसीत नाही. शास्त्रज्ञांनी ते कूळच मोडलं म्हणे, आणि तिला शतावरीच्या कुळात नेऊन घातलं. त्यांचं बरोबरच असेल, मी शास्त्र शिकलेली बाई आहे, मला ते मान्य आहे. पण ज्या नावासाठी तो उतार खणला ते नाव तिच्यावर राहिलंही नाही, हे वाचून मी पुस्तक मिटलं. उताराची ती बाजू आता मुरमासाठी कापून नेली आहे, दोन धोंडेही नाहीत. निवृत्त झाल्यावर आईचे चार गट वहीत लिहून काढायला बसले होते. पहिले तीन भरले. चौथ्या गटात, विचारून घ्यायच्या, मला तीनच नावं आली. आणखी होती. ती पुटपुटायची तेव्हा मी ऐकत नव्हते.

मागच्या वर्षी कॉलेजात गेले होते. कपाट तेच आहे. कोवळीचं पान अजून जागेवर आहे, कसर लागलेली नाही. पानं तपकिरी झाली आहेत, मुळं शाबूत. खाली माझ्या हस्ताक्षरात लेबल. उपलब्धता: विपुल. संग्राहक म्हणून माझं नाव. तिथल्या प्रयोगशाळेच्या माणसाला मी विचारलं, यातला एक शब्द बदलता येईल का? तो म्हणाला, मॅडम, जुन्या नोंदीला हात लावता येत नाही.

मी बी.एस्सी. झाले. वनस्पतीशास्त्र, पहिला वर्ग. आमच्या पाड्यातली पहिली.